कायद्याच्या दृष्टीने तार

मागे काही राहिलं का, असं वकिलांनी विचारलं आणि मी नेहमीसारखं नाही म्हणालो, आणि तोंड मिटता मिटता जीभ डावीकडच्या दाढेवरून घसरून एका खड्ड्यात पडली. तिथे कॅप होती. म्हणजे असायला हवी होती. पांढरी, बेताची, बसवणाऱ्या डॉक्टरांच्या मते जन्मभराची. वकील समोर बसून परत आलेल्या माणसाचा तक्ता भरत होते. डिस्क परत आणली? आणली. वायरी, चार्जर, पेन? आणले. वेष्टणं, पिशव्या, खाल्लेल्या बिस्किटांचे कागद? खिशातून काढून मी ते टेबलावर ठेवले, त्यांनी एकेक बघितला आणि डब्यात टाकला. दात हा रकाना त्या तक्त्यात नव्हता. मी जीभ खड्ड्यातून बाहेर काढली आणि सही केली. खड्डा खोलीएवढा वाटत होता. जिभेला मापं कळत नाहीत, ती सगळंच वाढवून सांगते, आमच्या आईसारखी. वकिलांना आम्ही तथापिसाहेब म्हणतो. चहा छान झालाय म्हटलं तरी ते 'तथापि' म्हणून थांबतात आणि चहा करणाऱ्याला उगाचच गुन्हा केल्यासारखं वाटतं. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "उत्तम. तुमच्यासारखा स्वच्छ परत येणारा माणूस मी पाहिला नाही," आणि पुढे तथापि म्हणालेच नाहीत. मला ते खटकलं.

माझं काम थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगितलं की लोक हात धुवायला उठतात. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. कुठला पंप कधी चालू करायचा, क्लोरीन किती सोडायचं, वाळूचे थर कधी धुवायचे, हे सगळं ते सॉफ्टवेअर ठरवतं. आमची गिऱ्हाइकं परदेशात. आता तारेतून, म्हणजे इंटरनेटवरून, गेलेल्या सॉफ्टवेअरवर जकात लावायची नाही, असं देशांनी फार पूर्वी तात्पुरतं ठरवलेलं आहे. दर काही वर्षांनी सगळे एकत्र जमतात, भांडतात, आणि शेवटच्या दिवशी बॅगा भरता भरता पुन्हा तात्पुरतं ठरवतात. तेच सॉफ्टवेअर डिस्कमध्ये घालून खोक्यातून पाठवलं की ती झाली वस्तू, आणि वस्तूवर जकात. आमची पंचाईत अशी, की पाण्याची केंद्रं बाहेरच्या जाळ्याला जोडलेलीच नसतात. कुणी लांब बसून शहराच्या पाण्यात नसते उद्योग करू नयेत म्हणून. तार पोचत नाही, खोकं परवडत नाही. तेव्हा तथापिसाहेबांनी मधला रस्ता काढला. माणसाने डिस्क घेऊन जायचं, सॉफ्टवेअर तिथल्या यंत्रात ओतायचं आणि डिस्क घेऊन परत यायचं. परत आलेली वस्तू विकलेली नसते. मागे काही राहिलं नाही, म्हणजे काही आलंच नाही. त्यांच्या अभिप्रायात एक वाक्य आहे: सदर कर्मचारी हा वितरणाचे माध्यम असून त्याचे स्वरूप तारेसमान मानण्यात यावे. कायद्याच्या दृष्टीने मी तार आहे. दादाने ते वाक्य आईला फोनवर वाचून दाखवलं. आई म्हणाली, "बरं झालं, काहीतरी झाला एकदाचा."

तारेला एकच पथ्य. जिथून जायचं तिथे काही ठेवायचं नाही आणि तिथलं काही घ्यायचं नाही. गिऱ्हाइकाने पाजलेला चहासुद्धा, तथापिसाहेबांच्या मते, मालाच्या किमतीत धरला जाऊ शकतो. पाणी चालतं, कारण ते सार्वजनिक आहे. सुरुवातीला हे लक्षात ठेवावं लागायचं. नंतर ते अंगात मुरलं, इतकं की मी हॉटेलातून निघताना उशीवरचे केस गोळा करायला लागलो. दादाच्याच घरात एका खोलीत मी राहतो. वहिनी म्हणते, तिथे झाडू मारायला गेलं की कळत नाही, इथे माणूस राहतो की खोली भाड्याने द्यायची आहे. एकदा जेवताना म्हणाली, "भावजी, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर ओळख कशावरून पटवायची हो आम्ही?" मी म्हटलं, दातांवरून पटवतात. आता तीही सोय राहिली नव्हती. मी डॉक्टरकडे गेलो नाही. रोज जाईन म्हणायचो आणि रोज जीभ आत जाऊन बघून यायची, रिकाम्या खोलीत दिवा लावून बघतात तशी. खड्ड्याची एक कड धारदार होती. मीटिंगमध्ये दादा बोलत असायचा आणि मी तिच्यावरून जीभ फिरवत बसायचो. कॅप तिकडे पडली आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि ती तिकडे आहे याची मला काळजी वाटण्याऐवजी चक्क बरं वाटत होतं, हेही माहीत होतं. फक्त ते मी कुठल्या रकान्यात लिहावं हे समजत नव्हतं.

तिकडे म्हणजे एका केंद्रात, जिथे मी चार वर्षं जातोय. नियंत्रण कक्ष, काचेपलीकडे वाळूचे हौद, खाली ओली जमीन, नाकात कायम क्लोरीन, आणि दिवसपाळीच्या प्रमुख बाई. ओतायला तीन-चार दिवस लागतात. पडद्यावर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकते, मध्येच अडते, आणि ती अडली की दोन माणसांना बोलण्यावाचून इलाज नसतो. पाळीप्रमुख बाईंना पंपांचा आवाज ऐकून कुठला दमलाय ते कळायचं. बोलता बोलता हात वर करून थांबवायच्या, ऐकायच्या, "तीन नंबर कुरकुरतोय," म्हणायच्या आणि वाक्य जिथे सोडलं तिथून पुन्हा उचलायच्या. त्यांनी पहिल्याच वर्षी विचारलं, तुम्ही नेमके कोण? मी अभिप्राय सांगितला. त्या इतक्या हसल्या की खालच्या मजल्यावरचा फिटर वर येऊन बघून गेला.

"म्हणजे तुम्ही तार."

"कायद्याच्या दृष्टीने."

"मग तार जेवते का?"

"स्वतःच्या खर्चाने."

"आणि तारेला घरी कोण कोण?"

"दादा, वहिनी, आई लांब असते. तारेचं लग्न झालेलं नाही."

"ते विचारलं नव्हतं मी," त्या म्हणाल्या, आणि पट्टीकडे बघायला लागल्या. पट्टी हललेली नव्हती.

त्यांनीही हळूहळू सांगितलं. नवरा होता, तो चांगला होता, पण त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागायची आणि पंपाला एकदाच. म्हणून त्या पंपांकडे राहिल्या. हे त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं. मला तसं बोलणारी माणसं आवडतात. गेल्या वेळेच्या आधीच्या खेपेला मी ओल्या बुटांनी फिरताना पाहून त्या म्हणाल्या, "दर वेळी पाय भिजवून घेता. इथे एक चपलांचा जोड ठेवून जा ना. खुंटीखाली जागा आहे." मी बुटांकडे बघितलं. "ठेवायला सांगतेय, विकायला नाही." आता इथे दुसरा कुठलाही माणूस असता तर त्याने काय उत्तर दिलं असतं, याचा मी नंतर बराच विचार केला. मी म्हणालो, "विचारून सांगतो." आणि मी खरंच विचारलं. तथापिसाहेबांनी चपलांवर दोन पानी अभिप्राय दिला. चपला या वैयक्तिक वापराच्या असल्या तरी गिऱ्हाइकाच्या जागेत कायम ठेवल्यास कर्मचाऱ्याचे तेथे स्थिर अस्तित्व निर्माण झाल्याचा अर्थ निघू शकतो, तथापि. पुढच्या खेपेला मी बाईंना सांगितलं की परवानगी मिळाली नाही. त्यांनी मान हलवली. त्या दिवशी पट्टी अजिबात अडली नाही, सुरळीत गेली, आणि आम्हाला बोलायला काहीच कारण उरलं नाही. निघताना त्यांनी ड्रॉवरमधून एक चिकट गोळी काढून पुढे केली. "घ्या. हिच्यावर जकात बसली तर मी भरेन." मी घेतली. ती मी चार वर्षांत तिकडे घेतलेली पहिली वस्तू. कॅप तिनेच काढली असणार. गोळी मी गिळली, कागद खिशात घातला, आणि ओठ चिकटलेले असल्यामुळे येतोसुद्धा म्हणालो नाही.

दोन महिन्यांनी जकात खात्याचं पत्र आलं. झालं होतं असं, की केंद्रात मालमत्ता मोजायला माणसं आली होती. ती प्रत्येक वस्तूवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवतात: खुर्ची, पंखा, भिंतीवरचं घड्याळ. यंत्राच्या कपाटाशेजारी त्यांना एक पांढरी, टणक, वापरलेली वस्तू मिळाली. ती काय आहे ते कळेना, म्हणून त्यांनी वर्णन लिहिलं 'सुटा भाग' आणि क्रमांक दिला. मग जकात खात्याने वार्षिक पडताळणीत विचारलं, की हा सुटा भाग देशात कधी आला, कुणी आणला, आणि तो ज्या यंत्राशेजारी सापडला त्या यंत्रातल्या सॉफ्टवेअरसोबत आला काय? सोबत आला असेल तर ते सॉफ्टवेअर तारेतून आलेलं नाही. ते वस्तूसोबत आलेलं आहे. आत्तापर्यंतच्या सगळ्या खेपांचा पुन्हा विचार करावा लागेल. दादाने पत्र वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आ कर." मी आ केला. तो खुर्चीत बसला.

"कंपनी दाढेवर जाईल असं मला वाटलं नव्हतं," वहिनी म्हणाली.

"तू गप गं."

"मी गपच आहे. तोंड त्यांचं उघडं आहे."

तथापिसाहेबांनी दोन दिवस घेतले आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं. मालकाने वस्तू परत मागितली, तर ती प्रवाशाची विसरलेली वस्तू ठरते, चष्म्यासारखी, छत्रीसारखी. तिला कायदा हात लावत नाही. मागितली नाही, तर ती ठेवलेली वस्तू, आणि मग आम्ही आणि आमचं सॉफ्टवेअर आणि आमची पुढची सगळी गिऱ्हाइकं जकातीच्या कचाट्यात. "सुनावणी पडद्यावर आहे. ते विचारतील, वस्तू परत हवी आहे का. तुम्ही हो म्हणायचं. आणि हे निवेदन वाचायचं." निवेदन एका वाक्याचं होतं. त्या देशात माझ्या मालकीचे, ताब्यातले वा हितसंबंधातले काहीही नाही. मी ते वाचलं. वाक्य नीट होतं, शुद्धलेखनाची चूक नव्हती. मी विचारलं, हितसंबंध हा शब्द काढता येईल का. तथापिसाहेब म्हणाले, का? दादाही म्हणाला, का? वहिनीने फक्त माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच खोलीत कुणीतरी राहतंय असं. मी म्हटलं, काही नाही, लांब आहे शब्द.

सुनावणीपर्यंतचे दिवस मी नेहमीसारखे घालवले, हे सांगताना मला स्वतःचंच आश्चर्य वाटतं. बसमध्ये उभा राहिलो, ऑफिसात खुर्चीत बसलो. पण सगळीकडे, जिन्यात, न्हाव्याकडे, दोन्ही उत्तरं तोंडात घोळवून बघत होतो. हो म्हटलं की दादाच्या ऑफिसचा मजला, दादाची माणसं, आईला फोनवर वाचून दाखवलेलं वाक्य, सगळं जागच्या जागी राहणार होतं, आणि त्या देशात मी कधी गेलोच नव्हतो असं सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध होणार होतं. नाही म्हटलं की एवढं सगळं मोडून माझी एक नकली दाढ एका खोलीत राहणार होती. तराजूत हे घालून बघितलं तर हसूच येत होतं. तरी रोज सकाळी आरशासमोर मी नाही म्हणून बघायचो, आवाज कसा येतो ते. बरा यायचा. मी ठरवलं, की विचारल्यावर आधी थांबायचं. तेवढं तरी करायचं. थांबल्यावर जे येईल ते येईल.

पडद्यावर तीन चौकटी होत्या. एकीत सुनावणी अधिकारी, सर्दी झालेले, सभ्य गृहस्थ. दुसरीत मी, आणि माझ्या खांद्यामागे चौकटीबाहेर दादा आणि तथापिसाहेब. तिसरीत पाळीप्रमुख बाई, साक्षीदार म्हणून. त्यांच्यामागे काचेपलीकडे हौद दिसत होते. चेहरा थोडा अडत अडत येत होता, पट्टीसारखा. अधिकाऱ्यांनी त्यांना विचारलं, ती वस्तू सध्या कुठे आहे?

"माझ्या टेबलावर."

"टाकून का दिली नाही?"

"क्रमांक दिलाय तिला. क्रमांक दिलेली वस्तू टाकता येत नाही. नियम आहे."

"वस्तू काय आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"सुटा भाग आहे, असं लिहिलंय."

"ते नव्हे. तुम्हाला माहीत होतं का?"

त्यांनी हात वर केला आणि थोडं ऐकलं. बहुतेक तीन नंबर. मग म्हणाल्या, "हो. ओळखली मी."

"मग परत का पाठवली नाही?"

"कुणी मागितली नाही. मला वाटलं, ठेवली असेल."

अधिकाऱ्यांनी नाक पुसलं, कागद उलटला आणि मला विचारलं, "ही वस्तू आपल्याला परत हवी आहे का?" आणि वाक्य त्यांच्या तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत मी हो म्हणालो. थांबलो नाही. घाबरूनही म्हणालो नाही, दादासाठीही म्हणालो नाही. दारात कुणी पाय पुढे केला की आपण बाजूला होतो, तसं ते आलं. चार वर्षं जी सवय लावून घेतली होती ती माझ्यापेक्षा चपळ निघाली. मग निवेदन वाचलं. मालकीचे, ताब्यातले, वा. लांब शब्दावरही अडखळलो नाही. बाई पडद्यावर हलल्या नाहीत. मला वाटलं, चित्र अडलंय. मग त्या म्हणाल्या, "बरं. पाठवते," आणि त्यावरून कळलं की चित्र नीट चालू होतं. दादाने मागून माझा खांदा दाबला. दुखला.

कॅप वकिलांच्या पत्त्यावर आली, नियमाप्रमाणे. डॉक्टरांनी ती घासूनपुसून बसवली. म्हणाले, दोन दिवस परकी वाटेल. परकी वगैरे काही वाटली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी त्या बाजूने चावायला लागलो. त्याच सुमारास केंद्राच्या मंडळाने या कटकटीला कंटाळून खर्च केला आणि एक एकेरी लाइन टाकून घेतली. बाहेरून आत येणारी, आतून बाहेर काही न जाणारी. आता सॉफ्टवेअर इथूनच पाठवायचं. माझ्या जागी तार नेमली, असं वहिनी म्हणाली. दादाने मला खिडकीजवळ टेबल दिलं आणि खुशीत सांगितलं, की आता कुठे जायला नको, कुठून यायला नको. पहिली खेप मीच पाठवली. बटण दाबलं. हिरवी पट्टी इकडच्या पडद्यावर सरकली, अडली, पुन्हा सरकली, आणि टोकाला गेली. लाइन एकेरी असल्यामुळे पोच आली नाही. मी बराच वेळ बसून राहिलो. पट्टी अडली तेव्हा तिकडे दुसऱ्या खुर्चीत कुणी नसणार, आणि बाई पंपांचं ऐकत बसल्या असणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. आणि मग असं वाटलं, की माझ्यावर अन्याय वगैरे झालेला नाही, मी एक प्रश्न चुकलोय. शाळेत चुकतात तसा. फक्त इथे परीक्षा पुन्हा घ्या म्हणून अर्ज कुणाकडे करायचा ते लिहिलेलं नसतं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर मी केंद्राचा साधा फोन लावला. तो नंबर फक्त गळती कळवण्यासाठी असतो.

"दिवसपाळी," त्या म्हणाल्या.

"मी बोलतोय. इकडून."

"सॉफ्टवेअर पोचलं. चालू आहे."

"त्यासाठी नाही केला."

"मग गळती आहे का कुठे?"

"नाही. मी येईन म्हणतोय."

"कशाला? आता तारेतून येतं ना."

"काही घेऊन येणार नाही. ओतायचं काही नाही."

"मग न्यायचं असेल काहीतरी. अजून काही राहिलंय का तुमचं? मी शोधलं सगळीकडे. कपाटाखालीसुद्धा."

ते त्यांनी टोमण्यासारखं म्हटलं, पण कपाटाखाली कुणी टोमण्यासाठी वाकत नाही. मी म्हटलं, "सुनावणीत मी चुकीचं उत्तर दिलं."

"सहीशिक्का झालाय त्याच्यावर."

"हो."

"मग येऊन करणार काय?"

"बसेन."

"खुर्ची एकच आहे. दुसरी दुरुस्तीला नेली."

"उभा राहीन."

"किती वेळ?"

याचं उत्तर तयार नव्हतं, आणि मी ते तयार करायला गेलो नाही. थांबलो. सुनावणीत जे थांबायचं ठरवलं होतं तेवढा पूर्ण वेळ थांबलो, खिडकीखालून दोन ट्रक गेले. त्याही थांबल्या. मग म्हणाल्या, "पाळी संपेपर्यंत उभे राहून दाखवा. पुढचं मग बघू," आणि त्यांनी हात वर केला असावा, कारण बोलणं तुटलं आणि पंप ऐकू यायला लागले, तीन नंबर जरा कुरकुरणारा. त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. दोन्ही बाजूंनी कुणी काही पाठवत नव्हतं, आणि लाइन चालू होती.